षष्ठी आणि सप्तमी : पक्ष निवडल्याची मराठी कारणे

१

माणूस आणि राजकीय पक्ष यांचे नाते सांगण्याच्या मराठीत दोन पद्धती आहेत. ‘तो शेकापचा’ ही एक आणि ‘तो शेकापमध्ये आहे’ ही दुसरी. रोजच्या बोलण्यात आपण दोन्ही वापरतो आणि त्यांत काही फरक आहे असे आपल्या मनातही येत नाही. पण शाळेतले व्याकरण आठवले तर फरक लगेच दिसतो. पहिल्या वाक्यात षष्ठी आहे, म्हणजे संबंध : घरचा, गावचा, मामाचा. दुसऱ्यात सप्तमीचा अर्थ आहे, म्हणजे स्थान : घरात, गावात, गाडीत. जागेवरून उठून जाता येते. नात्यातून तसे उठता येत नाही. ते तोडावे लागते, आणि तोडताना लागते.

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघ हा या दोन विभक्तींचा नमुना म्हणून घेता येईल. गणपतराव देशमुख १९६२ मध्ये तेथून प्रथम विधानसभेवर गेले आणि १९७२ व १९९५ चे पराभव वगळता अकरा वेळा निवडून आले. प्रत्येक वेळी पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष. त्या पक्षाचा राज्यातील प्रभाव ओसरत गेला, तरी सांगोल्यातील ‘आमचं घर शेकापचं’ हे वाक्य ओसरले नाही. त्याच सांगोल्याचे २०२२ मधील शिवसेनेचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून आपल्या कार्यकर्त्याशी फोनवर बोलले आणि झाडी, डोंगार व हॉटेलाचे ते वर्णन महाराष्ट्रभर गाजले. राज्यातील सत्ता बदलत होती, एक पक्ष दुभंगत होता, आणि त्या संभाषणातून आपण लक्षात ठेवली ती झाडी. कारणे काय होती, हे आज कितीजणांना सांगता येईल? दोष केवळ बोलणाऱ्याचा नाही. ऐकणाऱ्यांनीही कारण विचारणे सोडून दिले होते. २०२४ मध्ये गणपतरावांचे नातू बाबासाहेब देशमुख तेथून पुन्हा शेकापचे म्हणूनच निवडून आले.

माणूस पक्ष का निवडतो, या प्रश्नाकडे राज्यशास्त्र मतदानाच्या आकड्यांतून पाहते. मिशिगन विद्यापीठातील अभ्यासकांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द अमेरिकन व्होटर’ या ग्रंथाने पक्षनिष्ठा ही बरीचशी घरात, लहानपणी घडते असे मांडले. शेकापचे घर म्हणणाऱ्याला हे ऐकून नवल वाटणार नाही. पण प्रस्तुत लेखाचा प्रश्न त्याच्या शेजारचा आहे : माणूस आपली निवड कशी सांगतो? कारण खरे की खोटे हे बऱ्याचदा कळत नाही. ते कोणत्या शब्दांत सांगितले, हे मात्र कागदावर राहते. सी. राइट मिल्स या समाजशास्त्रज्ञाने १९४० मधील एका निबंधात असे सुचवले होते की हेतू म्हणजे मनाच्या तळाशी पडलेली वस्तू नव्हे. विशिष्ट समाजात, विशिष्ट प्रसंगी जी कारणे ग्राह्य धरली जातात त्यांचा तो शब्दसंग्रह असतो. मग मराठीतील हा शब्दसंग्रह कोणता, आणि त्यातली कोणती कारणे आपण वाचक-समीक्षक प्रतिष्ठित मानतो? त्याचा शोध घ्यायला आत्मचरित्रांसारखे दुसरे साधन नाही.

आपल्या राजकीय आत्मचरित्रांच्या वाचनात एक उतरंड बनून गेलेली आहे. वाचन, चिंतन, तुरुंगातील चर्चा यांतून जो पक्षात आला तो ‘वैचारिक’. एखाद्या नेत्यामुळे, घरामुळे, जातीमुळे जो आला तो ‘भावनिक’. आणि ज्याला काही मिळाले म्हणून जो आला तो ‘संधिसाधू’. ही उतरंड तपासून पाहिली पाहिजे, असे मला वाटते. निवडक पुस्तके नीट वाचली तर ती टिकत नाही.

२

आरंभ ‘कृष्णाकाठ’पासून करू. यशवंतराव चव्हाणांचे हे आत्मचरित्र १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते १९४६ पाशी थांबते. तरुण यशवंतरावांपुढील प्रश्न सोपा नव्हता. सातारा जिल्हा सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीचा. थोरले बंधू गणपतराव यांच्यावर त्या चळवळीचा प्रभाव. काँग्रेसकडे बहुजन समाजातील अनेकजण ब्राह्मणांची संस्था म्हणून पाहत. अशा घरातला, अशा परिसरातला मुलगा काँग्रेसकडे का वळला, हे सांगणे लेखकाला भाग होते, आणि ते त्यांनी मनापासून सांगितले आहे.

त्या सांगण्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. सप्टेंबर १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास यांचा उपोषणात मृत्यू झाला. कऱ्हाडच्या शाळकरी मुलाला त्या बातमीने हलवून सोडले. मग सत्याग्रहाचे दिवस आले, झेंडा लावण्याचे प्रकरण झाले, १९३२ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवत, रावसाहेब पटवर्धन यांच्यासारख्यांचा सहवास मिळाला. वाचन झाले, वादविवाद ऐकले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या परिचयातून मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांची ओढ लागली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर त्या गटापासून ते दूर झाले.

म्हणजे क्रम असा : एका अनोळखी तरुणाचा मृत्यू, त्यानंतर कृती, त्यानंतर तुरुंग, आणि तुरुंगात विचार. ‘कृष्णाकाठ’विषयी बोलताना आपण मात्र हा क्रम उलटा करतो. वाचनाने घडलेला, विचाराने काँग्रेस निवडणारा तरुण असे चित्र उभे करतो. वास्तविक तुरुंगातले ग्रंथालय त्यालाच मिळते जो आधी तुरुंगात गेलेला असतो. निवड होऊन गेलेली असते. विचार त्या निवडीला भाषा देतो, तिचा विस्तार करतो, कधी तिला वळणही देतो. काँग्रेस समाजवादी पक्षाची जुळणीही अशीच झाली. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता ही मंडळी नाशिकच्या तुरुंगात एकत्र आली आणि १९३४ मध्ये पक्ष उभा राहिला. त्यांच्या मार्क्सवाचनाचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण मार्क्सने त्यांना तुरुंगात नेले नव्हते. गांधींच्या हाकेने ते तेथे गेले होते.

यशवंतरावांच्या लेखनाचा प्रामाणिकपणा असा की त्यांनी मूळ क्रम झाकला नाही. मुलाचे अश्रू त्यांनी मुलापाशीच ठेवले. सत्तरीतल्या नेत्याची विचारसरणी त्याच्या तोंडी घातली नाही. तरीही या पुस्तकाची एक मर्यादा सांगितली पाहिजे, आणि तिचा दोष लेखकाकडे जात नाही. पक्षनिवडीचा सर्वांत अवघड प्रसंग त्यांच्या आयुष्यात १९७८ नंतर आला. काँग्रेस फुटली तेव्हा ते इंदिरा गांधींच्या विरोधातील काँग्रेसमध्ये राहिले, १९७९ मध्ये चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले, आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी पुन्हा इंदिरा गांधींच्या काँग्रेसमध्ये आले. हे का, याचे उत्तर त्यांच्या लेखणीतून यायला हवे होते. पुढचे खंड लिहायचा त्यांचा मानस होता. नोव्हेंबर १९८४ मध्ये ते गेले. त्यामुळे तरुणाने काँग्रेस का निवडली हे आपल्याला त्यांच्याच तोंडून कळते, वृद्ध नेता काँग्रेसमध्ये का परतला हे कळत नाही. मराठी राजकीय आत्मचरित्राचा हा जणू सर्वसाधारण नियमच आहे. पहिल्या प्रवेशाची कारणे भरघोस असतात. परतीच्या वाटेवर शब्द कमी पडतात.

३

आता उतरंडीच्या ‘भावनिक’ पायरीकडे येऊ. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० मध्ये आलेले पुस्तक ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासींच्या लढ्याचे कथन आहे. लेखिका स्वतः वकिलीची पदवीधर, सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत काम केलेली, तेथून कम्युनिस्ट पक्षात आलेली. तिची निवड आपल्या नेहमीच्या अर्थाने ‘वैचारिक’ आहे. पण पुस्तकाचे बळ तिच्या निवडीत नाही. ज्यांच्यापर्यंत मार्क्सचे नावही पोचले नव्हते त्या माणसांच्या निवडीत ते आहे.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तेथे आलेल्या मोजक्या वारल्यांनी लाल बावटा पाहिला, भाषणे ऐकली, आणि आपल्याकडे यावे असा आग्रह धरला. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे मेळावा झाला, आणि जमीनदाराची वेठ करायची नाही हे ठरले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने आयुष्यभर सावकाराच्या घरी राबायचे, या ‘लग्नगडी’ पद्धतीचाही शेवट जवळ आला. वारली पक्षाला पक्ष म्हणत नव्हते, किसान सभाही म्हणत नव्हते. त्यांचा शब्द होता ‘बावटा’. आम्ही बावट्याचे. पुन्हा षष्ठी.

शहरी वाचकाला यात भाबडेपणा दिसतो. कापडाच्या तुकड्यावर ठेवलेली श्रद्धा, ‘बाई’वर ठेवलेला विश्वास. पण या कारणाची तपासणी करा. बावटा आला आणि वेठ गेली. ज्याच्या पाठीवर चाबूक बसत होता त्याच्या पाठीवर तो बसेनासा झाला. पक्षाची निवड आणि निवडीचा परिणाम यांत एवढे थोडे अंतर असलेले दुसरे उदाहरण मराठी वाङ्मयात शोधून सापडणार नाही. वारल्याचे कारण अनुभवाने पडताळलेले आहे. उलट, विचारसरणीने पक्षात आलेल्या कितीतरी सुशिक्षितांचे कारण कधीच पडताळले गेले नाही. ते फक्त पुनःपुन्हा मांडले गेले.

या निवडीची किंमतही लगेच मोजावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला मोठा जमाव जमला. गोदावरीबाईंना धोका आहे, अशी खोटी आवई उठवून त्यांना तेथे बोलावण्यात आले होते. पोलिसांनी गोळीबार केला; जेठ्या गांगड आणि त्याचे सहकारी असे पाचजण मारले गेले. माणसे एका व्यक्तीसाठी धावली होती, हे खरे. म्हणून तिला व्यक्तिपूजा म्हणून बाजूला सारायचे काय? ती व्यक्ती त्यांच्यासाठी एका बदललेल्या जगाचे नाव होती. आणि ही निष्ठा क्षणिक नव्हती, याचा पुरावा पाऊणशे वर्षांनी मिळतो : डहाणू मतदारसंघातून २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले निवडून आले. मुंबईतील गिरण्यांच्या परिसरातून लाल बावटा केव्हाच उतरला. ज्यांना आपण भाबडे समजलो त्यांच्याकडे तो राहिला.

४

षष्ठी आणि सप्तमी एकाच माणसात वेगवेगळ्या दिशांना ओढू लागल्या तर काय होते? दलित आत्मकथने आणि चरित्रे या प्रश्नाचे उत्तर देतात.

वसंत मून यांच्या ‘वस्ती’ (१९९५) मध्ये नागपूरच्या महार वस्तीचे जीवन आहे : आखाडे, पैलवान, समता सैनिक दलाच्या कवायती, सभा. ज्या नागपुरात जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, ते हे नागपूर. या पुस्तकात ‘मी अमुक पक्ष का निवडला’ असे प्रकरण शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. तेथे निवडणारा ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहोत. वस्ती बाबासाहेबांची होती. १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष, १९४२ चे फेडरेशन, आणि बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ मध्ये स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष, अशी पक्षांची तीन नावे झाली. अनुयायाच्या तोंडचे कारण एकच राहिले. पुढे रिपब्लिकन पक्षाची शकले झाली, नेत्यांनी निरनिराळ्या आघाड्यांत जागा घेतल्या. तरी ‘आम्ही बाबासाहेबांचे’ हे वाक्य अबाधित आहे. सप्तमीची मोडतोड झाली, षष्ठी टिकली. तिच्या टिकण्याचा फायदा नेत्यांनी वारंवार घेतला, हेही येथे नमूद केले पाहिजे. नाते तुटत नाही अशी खात्री असली की नात्याचा हिशेब द्यावा लागत नाही.

या पार्श्वभूमीवर रामचंद्र बाबाजी मोरे यांचे उदाहरण विलक्षण आहे. मार्च १९२७ च्या महाड परिषदेचे ते प्रमुख संघटक. बाबासाहेबांना महाडला आणण्याची खटपट करणारे. १९३० मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि अखेरपर्यंत तेथे राहिले. त्यांचे अपुरे आत्मकथन आणि मुलगा सत्येंद्र मोरे यांनी पूर्ण केलेले चरित्र एकत्र वाचले की एक गोष्ट जाणवते. मोरे बाबासाहेबांचे होते आणि कम्युनिस्ट पक्षात होते. त्यांनी षष्ठी सोडली नाही आणि सप्तमीही सोडली नाही. दोन्ही बाजूंच्या लोकांना हे समजणे कठीण गेले असले पाहिजे. कारण आपली समजूत अशी की माणूस एकाच नावाने ओळखला पाहिजे. मोरे यांनी दाखवले की नाते एकाशी आणि काम दुसरीकडे, असे जगता येते, फक्त ते एकटे पडण्याच्या तयारीने जगावे लागते.

केशवराव जेधे यांची वाटचालही याच चौकटीत पाहिली तर वेगळी दिसते. ब्राह्मणेतर चळवळ, तिसाच्या दशकात काँग्रेस, १९४७-४८ मध्ये शेकाप, १९५४ मध्ये पुन्हा काँग्रेस, १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती. आजच्या वृत्तपत्री भाषेत यांना काय म्हटले असते ते सांगायला नको. पण जेध्यांनी जागा बदलल्या त्या बहुजन समाज आणि शेतकरी यांच्याशी असलेल्या संबंधाचा हिशेब घेऊन, असे मानायला जागा आहे. त्यातला एखादा निर्णय चुकलाही असेल. मुद्दा असा की पक्ष किती वेळा बदलला, हा आकडा निष्ठा मोजायला पुरत नाही. आधी विचारावे लागते : हा माणूस कोणाचा होता?

५

येथवर षष्ठीची बाजू जड झाली आहे. तिच्या विरुद्ध जाणारा प्रसंग आता पाहू.

शरद पवार यांचे ‘लोक माझे सांगाती’ हे आत्मचरित्र २०१५ मध्ये आले. त्यांचे घर शेकापचे. मातोश्री शारदाबाई पुणे लोकल बोर्डाच्या सदस्य, शेकापच्या कार्यकर्त्या. केशवराव जेध्यांच्या निधनानंतर १९६० मध्ये बारामती लोकसभेची पोटनिवडणूक झाली तेव्हा थोरले बंधू वसंतराव शेकापचे उमेदवार होते. विशीतले शरद पवार काँग्रेसचे काम करत होते. घरातला उमेदवार आणि विरोधी पक्षाचा प्रचारक एकाच छपराखाली. भावाने त्यांची अडचण ओळखली आणि तुझा विचार काँग्रेसचा आहे तर तू काँग्रेसचेच काम कर, असे मोकळेपणाने सांगितले. धाकट्या भावाने प्रचार केला, थोरला पराभूत झाला.

आत्मचरित्रातला हा भाग वाचकाच्या मनात का राहतो? येथे पक्ष निवडणे म्हणजे घरातल्या कोणाला तरी सोडणे आहे, आणि ते लेखकाला ठाऊक आहे. कारण सांगताना किंमत सांगितली गेली आहे. पुढे १९७८, १९८६, १९९९ असे पक्षबदलाचे किंवा नव्या पक्षाचे टप्पे त्यांच्या आयुष्यात येतात. त्यांची कारणे राजकीय परिस्थितीची आहेत. त्यांची चर्चा करता येते, त्यांच्याशी सहमत किंवा असहमत होता येते. पण १९६० च्या प्रसंगाशी वाद घालावासा वाटत नाही. तेथे युक्तिवाद नाहीच. घर आणि विचार यांच्यामध्ये उभा असलेला मुलगा आहे, आणि त्याला जाऊ देणारा भाऊ आहे.

यावरून एक कसोटी सुचते. पक्षनिवडीचे कारण विश्वसनीय आहे की नाही, हे ते किती तात्त्विक आहे यावरून ठरवू नये. त्या निवडीपायी काय गेले हे सांगणारा सांगतो की नाही, यावरून ठरवावे. वारल्यांचे पाच जीव गेले. मोरे एकटे पडले. बारामतीच्या घरात भाऊ समोरासमोर आले. ज्या निवेदनात काहीच गेलेले नाही, फक्त मिळालेले आहे, ते निवेदन अपुरे समजावे.

पण ही कसोटी लावू लागताच तिच्यातली उणीव दिसते. किंमत नेहमी निवडणाराच मोजतो असे नाही. यशवंतराव १९४२ मध्ये भूमिगत झाले; अटक वेणूताईंना झाली, तीही लग्नाला जेमतेम काही महिने झाले असताना. याच काळात बंधू ज्ञानोबा वारले. वेणूताईंना काँग्रेस निवडायची होती का, हे कोणी विचारले होते? ‘कृष्णाकाठ’च्या लेखकाला ही टोचणी आहे, आणि त्यामुळेच ते पुस्तक मोठे आहे. बहुतेक नेत्यांच्या आत्मचरित्रांत ती टोचणी एका कृतज्ञ वाक्यात आटोपते.

मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे त्या कृतज्ञ वाक्याच्या आड दडलेले पुस्तक आहे. योगायोग असा की तेही १९८४ चेच. वडील कम्युनिस्ट चळवळीचे शाहीर. नवरा दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक, मोठा कवी. जन्माने एका चळवळीची आणि लग्नाने दुसऱ्या चळवळीची झालेली ही मुलगी स्वतः कुठली, हा प्रश्न तिच्याखेरीज कोणाला पडलेला नाही. १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या पँथरचा इतिहास आपण जाहीरनाम्यांतून, मोर्चांतून, फुटींतून वाचतो. या पुस्तकात तो स्वयंपाकघरातून, आजारपणातून, घरभाड्याच्या विवंचनेतून दिसतो. राजकीय समीक्षेने त्याला ‘स्त्रीचे आत्मकथन’ या कप्प्यात ठेवून आपली सोय पाहिली. माझ्या मते मराठीतील पक्षनिष्ठेवरचे ते एक मूलभूत पुस्तक आहे. षष्ठीचा दुसरा अर्थ, म्हणजे मालकी, त्यात उघड होतो. ‘घर शेकापचं’, ‘घर पँथरचं’ असे म्हणताना घरातल्या बाईला विचारलेले नसते. नात्याची विभक्ती ऊबदार असते, तशीच ती गळा आवळणारीही असते.

म्हणून कसोटी दुरुस्त करून घेऊ. निवडीची किंमत काय पडली, एवढेच न विचारता ती कोणी मोजली, आणि सांगणाऱ्याला तो मोजणारा दिसतो का, हे विचारायला हवे.

६

आत्मचरित्रे नेत्यांची किंवा कार्यकर्त्यांची असतात. कादंबरीकाराला मात्र सगळ्यांच्या मनात शिरण्याची मुभा असते. तरी मराठी राजकीय कादंबरीने ‘का’ या प्रश्नाला दिलेले उत्तर फार एकसुरी आहे. अरुण साधूंची ‘सिंहासन’ (१९७७) हे त्याचे सर्वांत समर्थ उदाहरण. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, पत्रकार दिगू टिपणीस. कोण कोणाच्या बाजूला, किती आमदार, कोणते खाते : सारे सप्तमीत. पुढल्याच वर्षी महाराष्ट्रात सरकार पडून पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले, आणि कादंबरी भविष्यवाणी ठरली. १९७९ च्या चित्रपटाच्या अखेरीस दिगूला जे वेड्यासारखे हसू फुटते, ते तेव्हापासून सुशिक्षित मराठी माणसाचे राजकारणावरचे अधिकृत भाष्य होऊन बसले आहे.

साधूंचे निरीक्षण खोटे नाही. मंत्रालयाच्या मजल्यांवरचे राजकारण त्यांनी पाहिले होते तसे मांडले. पण त्या यशाचा परिणाम असा झाला की ‘सगळे खुर्चीसाठी’ हे आपल्याला वास्तवाचे वर्णन वाटू लागले. तेही एक तयार कारणच आहे, मिल्सच्या अर्थाने शब्दसंग्रहातला एक शब्द. ‘तत्त्वासाठी’ हे जसे न तपासता म्हटले जाते, तसेच ‘खुर्चीसाठी’ हेही न तपासता म्हटले जाते. आणि दुसऱ्यात एक जास्तीची सोय आहे : म्हणणारा आपोआप शहाणा ठरतो. ‘सिंहासन’च्या जगात सांगोल्याचा मतदार नाही, तलासरीचा वारली नाही, वस्तीतला सैनिक दलाचा मुलगा नाही. त्यांची कारणे खुर्चीच्या हिशेबात बसत नाहीत. रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’ने १९४२ पासूनचा दीर्घ पट घेऊन हे क्षेत्र रुंद केले, तरी अनुयायाच्या मनाची मराठी कादंबरी अजून पुरेशी लिहिली गेलेली नाही, असेच म्हणावे लागते.

७

आजच्या परिस्थितीकडे वळताना कोणत्या गटाचे बरोबर, हा या लेखाचा विषय नाही, एवढे स्पष्ट करतो. पाहायची आहे ती भाषा.

१९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली, दहावे परिशिष्ट जोडले गेले. एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला दिलेली सवलत २००३ च्या घटनादुरुस्तीने काढून घेतली. कायद्याने पक्षांतर थांबवायचे होते; त्याने पक्षांतराची भाषा बदलली. पूर्वी पक्ष सोडणारा ‘मी पक्ष सोडला, कारण...’ असे म्हणू शके. आता तसे म्हणणे धोक्याचे झाले, कारण स्वेच्छेने पक्ष सोडला की सदस्यत्व जाते. म्हणून जाणारा म्हणतो, ‘मी गेलोच नाही, मीच पक्ष आहे.’ जून २०२२ मध्ये शिवसेनेत आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडल्यावर जो वाद झाला तो याच रूपात झाला. १७ फेब्रुवारी २०२३ आणि ६ फेब्रुवारी २०२४ या दिवशी निवडणूक आयोगाने नाव व चिन्ह कोणाला याचे निर्णय दिले. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभाध्यक्षांनी शिवसेनेच्या प्रकरणात निकाल दिला. पक्षाची घटना कोणती ग्राह्य, विधिमंडळात बहुमत कोणाचे, यांवर युक्तिवाद झाले. ‘तुम्ही असे का केले?’ हा प्रश्न त्या कागदपत्रांत मध्यवर्ती नव्हता. कायद्याच्या दृष्टीने तो असण्याचे कारणही नव्हते.

या साऱ्यात मराठीत एक वाक्य नव्याने रूढ झाले : ‘पक्ष कोणाचा?’ विभक्ती षष्ठीच आहे, पण दिशा उलटली. पूर्वी माणसाला विचारत, तू कोणत्या पक्षाचा? आता पक्षाबद्दल विचारतात, हा कोणत्या माणसाचा? पहिल्या प्रश्नात माणूस काहीतरी देणे लागत होता. दुसऱ्यात तो मालक आहे. मलिका अमर शेख यांच्या पुस्तकाने घरापुरता जो अर्थ उघड केला होता, तो आता निवडणूक आयोगाच्या दारात उभा आहे.

आणि राहिलेल्या जागी ‘प्रवेश’ हा शब्द आला आहे. उपरणे गळ्यात पडते, छायाचित्र निघते, ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ हे कारण सांगून होते. त्या कारणात काय गेले ते नसते, कोणाचे गेले तेही नसते. हे कारण खोटेच असेल असे नाही. निधीशिवाय रस्ता होत नाही, हे मतदारालाही कळते. पण वारल्याच्या कारणाशी ते ताडून पाहा. तोही म्हणत होता की बावट्यामुळे आपले काही भले झाले. फरक एवढाच की काय झाले हे त्याला नेमके सांगता येत होते, आणि त्यासाठी कोण पडले त्यांची नावे त्याला पाठ होती.

आपण वाचकांनी, समीक्षकांनी यात काय करायचे? नेत्यांची आत्मचरित्रे यापुढेही येत राहतील, आणि २०२२-२३ मध्ये इकडून तिकडे गेलेले व न गेलेले उद्या आपापली कहाणी लिहितील. ती हाती येईल तेव्हा ‘वैचारिक’, ‘भावनिक’, ‘संधिसाधू’ हे तीन शिक्के बाजूला ठेवून तीन साधे प्रश्न विचारावेत. हा माणूस कोणाचा होता? त्याने जागा बदलली तेव्हा त्या नात्याचे काय झाले? आणि त्याची किंमत कोणी मोजली? उत्तर देणाऱ्या पुस्तकाला, ते कोणत्याही पक्षाच्या माणसाचे असो, आपण साहित्य म्हणू. न देणाऱ्याला प्रचारपत्रक म्हणायला संकोच करू नये.

तोवर या प्रश्नांची सवय घरापासून लावून घ्यायला हरकत नाही. ‘आमचं घर अमक्याचं’ असे पुढच्या निवडणुकीत कोणी म्हणेल, तेव्हा घरातल्या सर्वांना विचारले आहे का, एवढे तरी विचारावे.